पहिल्या धुवणाचा रिपोर्ट

आमच्या लॅबमध्ये येणारी माणसं माझ्याशी फारशी बोलत नाहीत, आणि मला ते बरंच वाटतं. बाही वर करायची, तोंड दुसरीकडे फिरवायचं, सुई निघाली की कापूस दाबून धरायचा. यात बोलण्यासारखं असतंच काय? क्वचित कोणी बोलतं. एक आंबा बागायतदार दर महिन्याला ईएसआर करून घेत आणि आकडा ऐकला की म्हणत, "चाळीस? जरा कमी करा की हो, आम्ही नेहमीचे." एक निवृत्त मास्तर रिपोर्टवरच्या माझ्या अक्षराला दहापैकी गुण देत. मला आजवर सहाच्या वर मिळालेले नाहीत.

सात वर्षं मी हे काम करते आहे. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची, नन्सची. घरी मराठी, पण घरात शरीराबद्दल कोणी बोलत नसे, त्यामुळे शरीराचे सगळे शब्द मला शाळेतच मिळाले आणि ते इंग्रजीत मिळाले. 'लघवी' हा शब्द मोठ्याने उच्चारणं मला पहिली चार वर्षं जमलं नाही. मी बाटली पुढे करून 'युरिन' म्हणायची आणि नजर रजिस्टरमध्ये घालायची. खेड्यातल्या बायका बाटली बघून समजून घ्यायच्या. हे गंमत म्हणून सांगत नाही. पुढे जे झालं ते यातूनच झालं.

वनिता पहिल्यांदा आली ती एका थंडीत, सासूबरोबर. पालीच्या पुढे फाट्यावर उतरून तासभर चालल्यावर त्यांची वाडी. वय बावीस. नवरा मुंबईला कारखान्यात. नाकावर आणि दोन्ही गालांवर लाल चट्टा, केस विरळ, बोटं सुजलेली. सासू भागीरथीबाई ठेंगणी, काटक, आणि माझ्या उलट, न थांबता बोलणारी.

"बाय, हिचा हात बग. लावनीला रोप धरवत नवतं. मी म्हटलं, ढोंग करते."

"म्हटलंत ना," वनिता भिंतीकडे बघत म्हणाली.

"म्हटलं. मग ताप आला तेव्हा गप ऱ्हायले. आता काय पाया पडू तुज्या?"

त्यांच्या हातात डॉक्टरांची चिठ्ठी होती. रत्नागिरीत तेव्हा मोजकेच फिजिशियन होते, त्यांतले हे एक. चिठ्ठीवर दोनच अक्षरं होती: एल. ई., म्हणजे रक्तात एक दुर्मिळ पेशी शोधायची तपासणी. मी ती तपासणी शिकताना एकदा केली होती आणि तेव्हा काही सापडलं नव्हतं. लॅब ज्यांची, त्या आमच्या सरांनीही ती पेशी प्रत्यक्षात एकदाच पाहिली होती.

तपासणी तशी साधी आहे, फक्त फार वेळ खाते. रक्त गोठू द्यायचं, अंगाइतक्या उबेला दोन तास ठेवायचं, मग ती गुठळी बारीक जाळीतून घासून काढायची. जे उतरतं ते यंत्रात फिरवायचं आणि वर येणारा पांढरट थर काचेवर पसरून रंगवायचा. मग सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसायचं. मी पाऊण तास बसले होते. पेशीमागून पेशी, सगळ्या पुस्तकातल्यासारख्या शहाण्या. आणि मग ती दिसली.

एक पांढरी पेशी. तिच्या पोटात जांभळट, गुळगुळीत, गोल असा एक गोळा, आणि तिचा स्वतःचा गाभा कडेला चेपून चंद्रकोरीसारखा झालेला. त्या पेशीने दुसऱ्या पेशीचा गाभा गिळला होता. दुसरी पेशीही त्याच रक्तातली, त्याच मुलीची. मी डोळा बाजूला केला, चष्मा पुसला, परत लावला. ती तिथेच होती. शेजारच्या बाकावर वनिता सासूच्या खांद्यावर डोकं टेकून झोपली होती, आणि तिच्या आत काय चाललं आहे ते या क्षणी जगात फक्त मला दिसत होतं. मला भीती वाटली. पण त्या गोळ्याचा रंग इतका सुंदर होता की भीतीच्या आधी काहीतरी वेगळं वाटलं, त्याला मला आजही शब्द सापडलेला नाही. मी सरांना हाक मारली. तेही बराच वेळ वाकून राहिले. मग हळूच म्हणाले, "बघून घे. नीट बघून घे."

रोगाचं नाव लुपस. डॉक्टरांनी तो दोघींना समजावला तेव्हा मी रिपोर्ट घेऊन त्यांच्या दवाखान्यात उभी होते. ते म्हणाले, "अंगात राखणीला एक कुत्रा असतो असं समजा. बाहेरून रोग आला की तो भुंकतो, चावतो. हिचा कुत्रा बिथरलाय. घरच्यांनाच चावतोय. कधी सांध्यांना, कधी कातडीला, कधी मूत्रपिंडाला."

भागीरथीबाई लगेच म्हणाल्या, "मग बांदा की त्याला."

"या गोळ्या म्हणजे साखळी."

"मग घट बांदून ठेवा कायमचा."

"फार आवळला तर चोर आले तरी उठायचा नाही. साधा ताप आला तरी ही जाईल. गोळ्यांनी हाडं ठिसूळ होतात, साखर वाढते."

भागीरथीबाई विचारात पडल्या. "म्हंजे साकली किती ढिली सोडायची, येवढंच ना?"

"एवढंच," डॉक्टर म्हणाले. मग माझ्याकडे बोट केलं. "आणि कुत्रा झोपलाय की जागा आहे ते बघायला ही आहे."

त्यांनी माझं सगळं काम एका वाक्यात सांगितलं होतं. वाचणाऱ्यांना यातली अडचण सांगायला हवी, कारण ती बाहेरून दिसत नाही. हा रोग जागा किती आणि झोपलेला किती हे थेट मोजणारं काहीच नाही. तापाला थर्मामीटर असतो तसं याला नाही. आम्ही जे मोजतो ते त्याच्या आसपासचं असतं. काचेच्या उभ्या नळीत रक्त भरून ठेवलं तर लाल पेशी तासाभरात किती खाली बसतात, तो ईएसआर. वनिताचा पहिल्या दिवशी एकशे दहा होता. बसला नव्हता, कोसळला होता. पांढऱ्या पेशी किती उरल्या ते मोजायचं. लघवीत प्रोटीन जातं का ते बघायचं, कारण मूत्रपिंडाची चाळण फाटली की ते तिथून गळतं आणि बाईला काहीही दुखत नाही. एकेकट्या आकड्याला अर्थ नसतो. ईएसआर दाढ सुजली तरी वाढतो. सगळे आकडे शेजारी ठेवून, मागच्या पंधरवड्याच्या शेजारी ठेवून, मग अंदाज बांधायचा.

भागीरथीबाईंचे आकडे वेगळे होते. दर पंधरा दिवसांनी येताना त्या मला सांगायच्या: "आज हिनं विळीवर अर्धा नारल खवला." किंवा, "येनी घालताना हात डोक्याच्या मागं गेला." किंवा नुसतंच, "काल माज्यावर वरडली. बरी हाय." मी हसून मान हलवायची आणि रजिस्टरमध्ये माझे आकडे लिहायची. त्यांचे कधी लिहिले नाहीत. तसा रकानाच नव्हता.

गोळ्यांनी वनिता सुधारली. चट्टा फिकटला, ताप गेला. चेहरा मात्र फुगून गोल झाला, तोही गोळ्यांनीच, आणि वाडीतली माणसं म्हणू लागली की सासूने सुनेला बरी पोसली. भागीरथीबाईंनी ते दोघा-तिघांचं ऐकून घेतलं आणि मग म्हणायला लागल्या, "पोसली तर पोसली, तुमच्या घरातलं नाय खाल्लं."

शिमगा झाल्यापासून डॉक्टर गोळ्या कमी करत आले. ईएसआर तीसवर आला होता. लघवीत प्रोटीन नावापुरतं, 'ट्रेस', म्हणजे असलं तरी न मोजण्याइतकं. चार वेळा लागोपाठ मी ट्रेस लिहिलं. मला या आलेखाचा अभिमान वाटायचा. मी तो आलेखाच्या कागदावर वेगळा काढून ड्रॉवरमध्ये ठेवला होता, कुणाला न दाखवता. वनिताही खूश होती. नवऱ्याचं पत्र आलं होतं: खोली बघतो आहे, गणपतीला येईन तेव्हा बरोबर घेऊन जाईन. लग्नाला तीन वर्षं झाली होती आणि ती त्याच्याबरोबर सगळी मिळून चार महिनेही राहिली नव्हती.

मे महिन्याच्या शेवटी डॉक्टरांनी मला विचारलं, "पावसात या येऊ शकणार नाहीत. यांचा ओढ्यावरचा साकव पाण्याखाली जातो. घरी काही करता येईल का?"

करता येत होतं. जुनी पद्धत आहे. काचेच्या नळीत लघवी घ्यायची, उकळवायची. गढूळ झाली तर त्यात पातळ ॲसेटिक ॲसिडचे दोन-चार थेंब टाकायचे. गढूळपणा गेला तर काही नाही. राहिला तर ते प्रोटीन. किती गढूळ, त्यावरून एक प्लस, दोन प्लस असं चारपर्यंत. मी त्यांना तीन नळ्या, लाकडी चिमटा आणि ड्रॉपरची बाटली दिली आणि लॅबमध्ये करून दाखवलं.

"आनि हे उकलवायचं कशावर?" भागीरथीबाई.

"चुलीवर नका धरू, काजळी धरेल. एका भांड्यात पाणी उकळा आणि नळी त्यात उभी धरा."

"कंच्या भांड्यात?"

"कुठल्याही."

"आमच्याकडं येवडाच येक टोप हाय, पेजेचा. त्यात सुनेच्या मुताची नली उबी करू? देव घरातनं उटून जाईल!"

सर पलीकडे मोठ्याने हसले. वनिताने पदर तोंडाला लावला. मी लाल झाले आणि मागच्या खोलीतून आमचं एक जुनं ॲल्युमिनियमचं भांडं आणून दिलं.

मग प्रश्न आला गढूळपणाचा. एक प्लस म्हणजे किती, दोन म्हणजे किती? मी इंग्रजीत शिकलेलं वाक्य मराठीत जुळवायचा प्रयत्न केला, नळीमागे छापील अक्षर धरायचं, ते पुसट दिसतं की दिसतच नाही, असं काहीतरी. भागीरथीबाईंना अक्षर येत नव्हतं. त्यांनी माझ्या चार नमुन्याच्या नळ्यांतली पहिली हातात घेतली, खिडकीकडे धरली.

"हे तर तांदलाचं धुवन," त्या म्हणाल्या. "तिसरं. जवलजवल निवल." दुसरी नळी उचलली. "हे दुसरं धुवन." तिसरी. "हे पयलं." चौथी बघून त्यांनी नाक मुरडलं. "ही पेज."

मी चार वर्षं ज्याला प्लस म्हणत होते त्याची नावं त्यांनी अर्ध्या मिनिटात ठेवली. तांदूळ त्या रोज धुत होत्या. त्यांच्या डोळ्याला हे फरक माझ्यापेक्षा जास्त माहीत होते. वनिताने रोज बघायचं आणि लिहून ठेवायचं, असं ठरलं. ती सातवी शिकलेली होती.

जून गेला, जुलै गेला. साकव पाण्याखाली गेला असणार. मी दुसऱ्या कामात होते. गॅस्ट्रो आणि मलेरिया, पावसातलं नेहमीचं.

नारळी पौर्णिमा होऊन चार-पाच दिवस झाले असतील. सकाळी आठला मी लॅबचं दार उघडलं तर पायरीवर भागीरथीबाई बसलेल्या. एकट्या. साडी गुडघ्यापर्यंत चिखलाची, डोक्यावर इरलं नाही, प्लॅस्टिकचा कागद. डोंगरावरून दुसऱ्या वाटेने मुख्य रस्त्याला येऊन त्यांनी पहिली एसटी पकडली होती.

"डाक्तर नंतर उगडतो," त्या म्हणाल्या. "आनि तो विचारील, कागद कुटं हाय. तुला नली कलते."

पिशवीतून त्यांनी कागदात गुंडाळलेल्या तीन छोट्या बाटल्या काढल्या आणि माझ्या टेबलावर ओळीने ठेवल्या. तिन्हींत पांढुरकं पाणी. एक जवळजवळ स्वच्छ, एक धुरकट, एक दाट.

"हे कुणाचं युरिन?" मी विचारलं.

"मूत नाय ते. मूत घेऊन येष्टीत बसू व्हय मी? तांदलाचं धुवन हाय. लावनी लागली तवा नली अशी दिसायची." पहिली बाटली. "मग अशी." दुसरी. "आता अशी. आट दिस झाले." तिसरीवर त्यांनी बोट ठेवलं. "वनी मला सांगते, निवल हाय, आये, काय नाय. आनि नली वतून टाकते. मी येक दिस ती वतायच्या आदी बगितली. मग रोज बगितली. पाय सुजलेत तिचे. जोडवी काडून ठेवलीन, म्हनते घट झाली."

"तिने लिहिलेलं कुठे आहे?"

"ल्हिते ती. सगल्या खान्यात 'निवल' ल्हिलंय."

मी तिसरी बाटली उचलली. तळाशी पांढरं बसलं होतं. भागीरथीबाईंनी ती माझ्या हातातून घेऊन हलवली आणि परत दिली. "हलवून बगायचं. आनि येकाच तांदलाचं हाय. जुन्या. येक मूट तांदूल, तांब्याभर पानी, तेवडंच. कमीजास्त नको पडायला म्हनून."

मला लॅबमध्ये प्रमाणित द्रावण करायला सहा महिने लागले होते शिकायला. मोजून घ्यायचं, तेच घ्यायचं, तेवढंच घ्यायचं, नाहीतर एका दिवसाची दुसऱ्या दिवसाशी तुलना करता येत नाही. हे या बाईला कोणी शिकवलं होतं? मी आमच्या नमुन्याच्या नळ्या काढल्या आणि तिसरी बाटली त्यांच्या शेजारी धरली. तीन प्लस.

तेवढ्यात सर आले. मी सांगितलं. त्यांनी तिन्ही बाटल्या पाहिल्या आणि म्हणाले, "धुवणाचा रिपोर्ट कुठल्या फॉर्मवर देणार तू?" मग गंभीर होऊन म्हणाले, "मे महिन्यात तर ट्रेस होतं. तुझेच रिपोर्ट आहेत. गोळ्या त्यावर कमी केल्यात. एवढं एकदम कसं वाढेल?"

तो प्रश्न मला विचारलेला होता. मी भागीरथीबाईंकडे वळले आणि आयुष्यात पहिल्यांदा तो शब्द नीट, मोठ्याने म्हटला. "मावशी, उन्हाळ्यात तुम्ही इथे यायचात तेव्हा वनिता लघवी कुठे करायची? घरून आणायची का?"

"घरनं? नाय गं. येष्टीत कसं आनायचं? पिशवीत नारल असायचा, फुलं असायची, येताना देवलात जायचो. हितंच द्यायची ना, तुज्यासमोर."

"आणि इथे आल्यावर लगेच व्हायची?"

"लाजायची. व्हायची नाय. म्हनून स्टँडवर उतरलं की दोन शाली पाजायची मी तिला. वर तांब्याभर पानी."

शाली म्हणजे शहाळी. दोन शहाळी आणि तांब्याभर पाणी.

मी रजिस्टर काढलं. लघवीच्या तपासणीत आम्ही एक काचेचा फुगा तिच्यात तरंगवतो. ती पाण्याच्या मानाने किती जड आहे ते तो सांगतो. शुद्ध पाणी म्हणजे एक हजार. सकाळची पहिली लघवी साधारण एक हजार वीसच्या आसपास असते. वनिताच्या नावापुढे, चारही वेळा, माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं: एक हजार चार. एक हजार तीन. एक हजार चार. एक हजार पाच. मी जवळजवळ पाणी तपासलं होतं. पाण्यात जेवढं सापडायचं तेवढं सापडलं, ट्रेस. आणि शेजारच्या रकान्यात ते ओरडून सांगणारा आकडा मीच लिहिला होता आणि दोन्ही आकडे एकत्र वाचले नव्हते. सकाळची पहिली आणली का, एवढं विचारायला तोंड उघडावं लागलं असतं.

सरांनी चष्मा काढला. रागावले नाहीत. रागावले असते तर सोपं झालं असतं. एवढंच म्हणाले, "डॉक्टरांना तूच जाऊन सांग."

दवाखाना रस्त्यापलीकडे होता. आत पेशंट होते. मी दाराशी उभी राहिले, एरवी मी चिठ्ठी आत पाठवून निघून गेले असते. त्या दिवशी आत गेले आणि सगळं सांगितलं, रजिस्टर उघडून, बोट ठेवून. "गोळ्या माझ्या चुकीच्या रिपोर्टवर कमी झाल्या," मी म्हटलं. 

डॉक्टरांनी ओळ वाचली. "हा आकडा माझ्याही समोर होता. चार वेळा," ते म्हणाले. मग तीन बाटल्यांची हकिकत ऐकून त्यांनी पेन खाली ठेवलं. "एक मूठ तांदूळ, एक तांब्या पाणी? असं म्हणाली?" त्यांनी रजिस्टर मिटलं. "आजच आणायला हवं तिला."

आणलं दुसऱ्या दिवशी दुपारी. वाडीतल्या चौघांनी डोली करून डोंगरावरून रस्त्यापर्यंत, तिथून जीपने, आणि डॉक्टरांनी तिला दवाखान्यातच ठेवून घेतलं. वनिताचा चेहरा आता गोळ्यांनी नव्हे, पाण्याने सुजला होता. रक्तदाब चढलेला. मी रक्त घ्यायला गेले तेव्हा तिने हात पुढे केला, पण तोंड फिरवलं नाही. सरळ माझ्याकडे बघत राहिली.

"तुमीच सांगितलात ना डाक्तरला?"

मी तिच्या दंडाला पट्टा बांधला.

"पंदरा दिस थांबला असतात तर गेले असते मी मुंबैला." मग सासूकडे बघून, "ह्यांना मी हितं हवी, भात कापायला. म्हनून धावत आल्या."

भागीरथीबाई कॉटच्या पायथ्याशी तिचे तळवे चोळत होत्या. त्यांनी हात थांबवला नाही. "व्हय. भातच कापायला. ऊठ तर आदी."

त्या दिवशी मी तिच्या लघवीचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली घेतला. त्यात बारीक नळकांडी दिसली, आणि त्या नळकांड्यांत लाल पेशी चिकटलेल्या. मूत्रपिंडाच्या आतल्या सूक्ष्म नळ्यांचे ते साचे असतात, आत रक्तस्राव झाला की तयार होतात आणि वाहून बाहेर येतात. म्हणजे मी एका जिवंत बाईच्या मूत्रपिंडाच्या आतला आकार बघत होते, जिथे कुणाचा हात कधी पोचला नसता. इतकी अचूक, इतकी देखणी वस्तू, आणि तिचा अर्थ इतका वाईट. मी त्या वेळी रडले. सर दुसऱ्या टेबलावर काम करत राहिले, त्यांनी वळून पाहिलं नाही. त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

डॉक्टरांनी मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांशी ट्रंक कॉलवर बोलून गोळ्यांचा डोस एकदम वर नेला. आता चोवीस तासांची सगळी लघवी जमवून मोजायची होती. तिच्यासाठी एक आखलेली नळी असते; तीत लघवी आणि वर पिवळंजर्द पिक्रिक ॲसिड घालून एक पूर्ण दिवस न हलवता ठेवायची. प्रोटीन खाली साचतं आणि कितव्या रेघेपर्यंत साचलं ते वाचायचं. पहिल्या दिवशी साका आठव्या रेघेवर होता. आठवड्यानंतरही आठ. डॉक्टर म्हणाले, दोन आठवड्यांत हललं नाही तर मुंबईला पाठवून जालीम औषध द्यावं लागेल. त्या औषधाने पुढे मूल होण्याची आशा बहुधा संपते, हे त्यांनी दोघींपासून लपवलं नाही.

नवरा गणपतीला आला तो सरळ दवाखान्यात. शांत, बारीक माणूस. त्याने खोलीची चावी आणलेली होती; ती त्याने वनिताच्या उशीखाली ठेवली आणि आठ दिवस तिच्याजवळ बसला. जाताना चावी तिथेच राहू दिली.

तेराव्या दिवशी नळी सातवर आली. मी ती तीनदा वाचली. मग सहा. मग बरेच दिवस सहाच. दिवाळीत चार. या उतरणीत काहीही नाट्य नव्हतं, रोज एक पिवळी नळी आणि तळाशी पांढरा साका, कालच्यापेक्षा केसभर कमी किंवा तेवढाच. पण मी इतकं थक्क होऊन दुसरं काही बघितलेलं नाही. त्या मुलीच्या आत, चिमटीत धरता येणार नाहीत इतक्या बारीक लाखो चाळण्या एकेक करून सांधल्या जात होत्या आणि आम्हाला त्याची फक्त सावली दिसत होती, नळीच्या तळाशी.

दिवाळीनंतर ती घरी गेली. पुढे दर पंधरा दिवसांनी सकाळची पहिली लघवी यायची, काळ्या पिशवीत, घट्ट बुचाच्या बाटलीत. मी प्रत्येकाला विचारायला लागले: कधीची, काय प्यायलात, घरून आणली की इथे दिली. मोठ्या आवाजात. माझ्या रजिस्टरमध्ये आता एक रकाना जास्त आहे. त्यात मी पेशंट काय म्हणतो ते लिहिते, त्याच्याच शब्दांत. नारळ किती खवला, वेणी घालता आली का. सर सुरुवातीला हसले. आता डॉक्टर आधी तो रकाना वाचतात.

शिमग्याच्या आसपास त्या दोघी आल्या. वनिता बाकावर बसली. पायांत जोडवी होती. फाल्गुनातला उकाडा होता, तरी भागीरथीबाई बसायला तयार नव्हत्या. त्या माझ्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या. मी आधी फुगा तरंगवला. एक हजार बावीस. चांगली दाट, सकाळची. मग नळी उकळवली. ॲसिडचे थेंब टाकले. हलवली आणि उजेडाकडे धरली.

मला जे दिसलं ते मी बोलले नाही. नळी त्यांच्या हातात दिली.

त्यांनी ती खिडकीकडे धरली, डोळ्यांजवळ नेली, लांब केली. पलीकडचा रस्ता, दवाखान्याची पाटी, सायकलवरून जाणारा माणूस, सगळं त्यातून आरपार दिसत होतं.  त्यांना इतका वेळ गप्प मी कधीच पाहिलं नव्हतं. मागून वनिताने विचारलं, "काय वो आये?"

भागीरथीबाईंनी तिच्याकडे वळून पाहिलं नाही. नळी मला परत दिली.

"परत कर," त्या म्हणाल्या.

मी नवी नळी घेतली आणि परत केली.